डोंगरी आवळा : घटक, प्रमाण आणि परिणाम

आवळ्याचे विवेचन करण्यापूर्वी तीन संज्ञांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. ज्याच्या अभावी शरीराचा व्यापार बिघडतो आणि ज्याचा पुरवठा होताच तो पूर्ववत होतो, ते पोषक द्रव्य. ज्याच्या अभावाने कोणताही रोग उद्भवत नाही, परंतु ज्याच्या सेवनाने शरीरातील एखादी क्रिया इष्ट दिशेने वळते, ते औषधी द्रव्य. कलम, निवड आणि मशागत यांवाचून वाढलेल्या झाडाचे फळ ते रानफळ. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत मिळणारा आवळा या तिन्ही संज्ञांच्या कक्षेत येतो. त्याची कीर्ती मात्र केवळ पहिल्या संज्ञेवर, त्यातही क जीवनसत्त्व या एकाच द्रव्यावर, उभी आहे. हा पाया अपुरा आहे. आवळ्याचे सामर्थ्य दोन द्रव्यवर्गांच्या सहवासात आहे आणि त्यांपैकी दुसरा वर्ग आपल्याकडे सहसा हिशेबात धरला जात नाही.

क जीवनसत्त्वाने समृद्ध अशा रानफळांत युरोपीय ग्रंथ रानगुलाबाच्या फळाला अग्रस्थान देतात. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात खंडित झाली, तेव्हा ब्रिटनने 1941 पासून कुंपणांवरची ही फळे गोळा करवून त्यांचा पाक बालकांना पुरवला. हिमालयात रानगुलाबाच्या जाती आहेत. कोल्हापूरच्या परिसरात मात्र गुलाब हे बागेतले आणि हरितगृहातले झाड आहे. शिरोळ तालुक्यातील हरितगृहांत फूल कळीच्या अवस्थेतच कापले जाते, त्यामुळे फळ धरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. येथे रानगुलाबाचे स्थान आवळा घेतो. दोहोंत साम्य आहे ते आम्लता, तुरटपणा आणि क जीवनसत्त्व यांत. भेद दोन आहेत. रानगुलाबाचे लाल 'फळ' वस्तुतः फुलाच्या पेल्यासारख्या बुडाचा फुगलेला भाग असून खरी फळे त्याच्या पोटात असतात. आवळा हे अंडाशयापासून बनलेले खरे फळ आहे. दुसरे असे की रानगुलाबात कॅरोटिनवर्गीय लाल-नारिंगी रंगद्रव्ये विपुल असतात, तर आवळ्यात ती नगण्य असतात आणि त्यांची जागा कषायद्रव्यांनी, म्हणजे टॅनिनांनी, घेतलेली असते.

'आवळा' या नावाने आपल्याकडे तीन वनस्पती ओळखल्या जातात. त्यांची गल्लत झाल्यास पुढचे सर्व निष्कर्ष चुकतात. पहिला खरा आवळा, फायलँथस एंब्लिका. जुन्या ग्रंथांत तो एंब्लिका ऑफिसिनॅलिस या नावाने येतो. पूर्वी त्याची गणना एरंडाच्या कुळात होई, आता फायलँथेसी या स्वतंत्र कुळात होते. दुसरा रायआवळा, फायलँथस अ‍ॅसिडस. हे परसातले झाड. त्याची फळे खोडाला आणि फांद्यांना घोसाने लगडतात, चवीला केवळ आंबट असतात, आणि औषधी दृष्ट्या ती आवळ्याची जागा घेऊ शकत नाहीत. तिसरा भुईआवळा, हातभर उंचीचे पावसाळी तण; काविळीवरील पारंपरिक उपचारांत त्याचे पंचांग वापरतात, फळ नव्हे. येथे प्रस्तुत आहे तो पहिला.

त्या पहिल्याचेही दोन भेद करावे लागतात. बाजारातील मोठा आवळा बनारसी, चकैया, कृष्णा, कांचन, नरेंद्र-7 अशा निवडलेल्या वाणांचा असतो. त्याचे फळ साधारण 30 ते 50 ग्रॅम भरते, त्यात गर अधिक आणि धागा कमी असतो. डोंगरी आवळा बहुधा 10 ग्रॅमच्या आतबाहेर असतो. त्यात बियांचा भाग तुलनेने मोठा, धागा जास्त आणि तुरटपणा तीव्र असतो. प्रयोगशाळांतील बरेचसे आकडे मोठ्या आवळ्याचे आहेत, हे पुढील वाचनात ध्यानी ठेवावे.

कोल्हापूर जिल्ह्यात पर्जन्यमान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटते. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शिरोळमध्ये तो त्याच्या दशांशाच्या आसपास असतो. आवळ्याला ही दोन्ही टोके मानवत नाहीत. घाटमाथ्यावरच्या दाट सदाहरित राईत त्याला ऊन पुरत नाही. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, पन्हाळा, आजरा या तालुक्यांतील उतारांवर, जेथे पानगळीचे जंगल सुरू होते, तेथे तो हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ यांच्या सोबतीने आढळतो. त्रिफळेची तिन्ही फळे एकाच उतारावर मिळावीत ही या पट्ट्याची विशेषता आहे. राधानगरी अभयारण्याचा अंतर्भाव 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला, तो या जैवविविधतेमुळेच.

फळाच्या वाढीचे टप्पे घटकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. फुले फाल्गुन-चैत्रात येतात. फलधारणा झाल्यावर फळ लगेच वाढीस लागत नाही; उन्हाळाभर ते सुप्त राहते, डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही. पाऊस स्थिरावल्यावर वाढीला आरंभ होतो आणि कार्तिकापासून माघापर्यंत फळ पक्व होते. कोवळ्या फळात कषायद्रव्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. गर भरत जातो तसे ते विरळ होते. याच कारणाने हिरड्याच्या बाबतीत कोवळे फळ, म्हणजे बाळहिरडा, वेगळे गोळा केले जाते. आवळ्यात कोवळेपणाचा असा उपयोग नाही. फळाची हिरवी छटा पिवळसर होऊन साल किंचित पारदर्शक दिसू लागली की तो घेण्यास योग्य झाला. कार्तिक शुद्ध नवमीचे आवळीभोजन आणि तुळशीच्या लग्नातील आवळा हे दोन्ही आचार या पक्वतेच्या आरंभाशी जुळतात.

पक्व आवळा आडवा कापला असता त्याची रचना स्पष्ट होते. बाहेर पातळ साल, तिच्यावर उभ्या सहा फिक्या रेषा. आत फिकट हिरवट, पाणीदार, करकरीत गर, त्यातून मध्याकडे जाणारे धागे. मध्ये सहा कंगोऱ्यांचे कठीण कवच. या कवचात तीन कप्पे असून प्रत्येकात साधारणतः दोन बिया असतात. कापलेला भाग काही मिनिटांत तपकिरी पडू लागतो. हा रंगबदल लक्षात ठेवावा, कारण साठवण आणि पाकक्रिया यांतील बहुतेक हानीचे कारण त्याच क्रियेत आहे.

गराचा सुमारे चार-पंचमांश भाग पाणी आहे. उरलेल्यात शर्करा, पेक्टिन, तंतू, सेंद्रिय आम्ले, अल्प खनिजे आणि प्रस्तुत विषयाचे दोन द्रव्यवर्ग येतात: एक अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, दुसरा जलविघटनशील कषायद्रव्ये. प्रथिन आणि स्निग्ध यांच्या दृष्टीने आवळा नगण्य आहे. त्यातील खनिजांविषयी जे दावे केले जातात त्यांना फारसा आधार नाही.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हेच क जीवनसत्त्व. सेंट-ग्यॉर्गी यांनी ते 1928 मध्ये वेगळे केले, 1932 मध्ये त्याची ओळख पटली आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक सस्तन प्राणी हे द्रव्य ग्लुकोजपासून स्वतः तयार करतात. त्या मालिकेतले अखेरचे विकर मनुष्यात निष्क्रिय आहे, म्हणून त्याला ते आहारातून घ्यावे लागते. शरीरात त्याची कार्ये अनेक आहेत. प्रमुख कार्य कोलॅजेन या प्रथिनाच्या जडणघडणीचे. कोलॅजेन पक्के झाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उकलतात, सांधे दुखतात. हा स्कर्व्ही रोग. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीस 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आवश्यक आहे. आवळ्याच्या या गुणाचा प्रत्यक्ष पुरावाही आहे: 1939-40 च्या हिस्सार दुष्काळात स्कर्व्हीच्या रुग्णांवर आवळ्याचा यशस्वी उपयोग झाला.

आवळ्यात हे द्रव्य किती असते, हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. जुन्या भारतीय पोषणकोष्टकांत 100 ग्रॅम गरास 600 मिलिग्रॅम असा आकडा आहे आणि पाठ्यपुस्तकांतून तोच पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत तो 250 च्या आसपास आला. 1996 मध्ये काही भारतीय संशोधकांनी अधिक मूलगामी मत मांडले. आवळ्याचे ऑक्सिडीकरणविरोधी कार्य क जीवनसत्त्वाचे नसून एंब्लिकॅनिन अ आणि ब या कषायद्रव्यांचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 2006 मधील एका विश्लेषणात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल पुन्हा स्पष्टपणे आढळले, सुमारे 0.4 टक्के. 2009 मध्ये दुसऱ्या एका गटाने नमुने तपासून असा निष्कर्ष काढला की त्यांत अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल अत्यल्प आहे आणि ज्यांना एंब्लिकॅनिन म्हटले गेले ती वस्तुतः म्युसिक आम्लाची गॅलिक संयुगे आहेत.

या मतभेदाची कारणे तीन. पहिले पद्धतीचे. जुन्या पद्धतीत एका निळ्या रंगद्रव्याचा रंग किती उडतो यावरून अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे प्रमाण ठरवत. तो रंग अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या क्षपणशक्तीने उडतो. परंतु क्षपणशक्ती असलेली इतर द्रव्येही तेच करू शकतात आणि आवळ्यात अशी द्रव्ये मुबलक आहेत. आधुनिक वर्णलेखनातही दोन द्रव्ये एकाच वेळी स्तंभातून बाहेर पडली तर एकाचे माप दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. दुसरे कारण नमुन्याचे. ताजे फळ, सुकवलेली आवळकाठी आणि कारखान्यातील अर्क या तीन भिन्न वस्तू असून त्यांचे आकडे परस्परांशी ताडता येत नाहीत. तिसरे कारण झाडाचे. वाण, पक्वता, ऊन आणि तोडणीनंतर गेलेला काळ यांनुसार प्रमाण बदलते. यांतून निघणारा निर्णय असा: 600 हा आकडा यापुढे प्रमाण मानू नये, अत्यल्प हे टोकही ताज्या फळास लावू नये, व्यवहारात 250 धरावे. दहा ग्रॅमच्या डोंगरी आवळ्यात बिया वगळता आठ ग्रॅम गर धरला तर त्यात 20 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व येते आणि प्रौढाची दैनिक गरज चार आवळ्यांत भागते. जुन्या आकड्याने ती दोहोंत भागली असती. म्हणजे वादाचा व्यावहारिक परिणाम दोन आवळ्यांचा आहे. शास्त्रीय परिणाम मात्र मोठा आहे, कारण त्याने लक्ष दुसऱ्या द्रव्यवर्गाकडे वळवले.

जलविघटनशील कषायद्रव्य म्हणजे ग्लुकोज किंवा तत्सम गाभ्याला गॅलिक आम्लाचे किंवा त्याच्या जोडरूपाचे घटक जोडले जाऊन बनलेले संयुग. आम्लाने किंवा विकराने ते तुटले की गॅलिक आम्ल अथवा एलॅजिक आम्ल मोकळे होते. आवळ्यात कोरिलॅजिन, चेब्युलॅजिक आम्ल, गॅलॉइल ग्लुकोज आणि वर उल्लेखिलेली म्युसिक आम्लाची गॅलिक संयुगे आढळतात. तुरटपणा हे यांचे प्रत्यक्ष लक्षण होय. कषायद्रव्ये लाळेतील प्रथिनांशी संयोग पावून त्यांचा साका करतात, लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ आवळून आल्याचा भास होतो. आयुर्वेदाने आवळ्यात लवणावाचून पाच रस मानले, आम्ल प्रधान ठरवला आणि कषाय त्यात गणला. आधुनिक विश्लेषणाशी या वर्णनाचा विरोध नाही. चरकसंहितेत तारुण्य टिकवणाऱ्या द्रव्यांत आवळ्याला श्रेष्ठ म्हटले आहे. तो दावा शब्दशः सिद्ध झालेला नाही. परंतु निवड आंधळी नव्हती, असे म्हणण्यास जागा आहे.

दोन्ही वर्गांचा सहवास का महत्त्वाचा, हे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या नाशाच्या टप्प्यांवरून समजते. पहिल्या टप्प्यात त्याचे डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होते. हे रूप परत फिरवता येते आणि शरीरातही उपयोगी पडते. दुसऱ्या टप्प्यात त्याचे वलय उघडते आणि जीवनसत्त्वगुण कायमचा जातो. या नाशाला उष्णता, हवा, क्षारता आणि तांब्याचा अंश गती देतात. तीव्र आम्लता त्याला रोखते. आवळ्याचा रस तीव्र आम्ल असतो, हे पहिले संरक्षण. कषायद्रव्ये धातूचे अंश बांधून ठेवतात आणि स्वतः ऑक्सिडीभूत होऊन ऑक्सिजनचा काही भार उचलतात, हे दुसरे. वाळवलेल्या आवळ्यात इतर फळांच्या मानाने क जीवनसत्त्व अधिक टिकते असे जे म्हणतात, त्याचे संभाव्य कारण हेच. मात्र त्यास हानीच होत नाही हे लोकमत ग्राह्य नाही.

आता घरगुती प्रक्रियांची या कसोटीवर परीक्षा करता येईल. कोल्हापुरात कपिलतीर्थ आणि लक्ष्मीपुरीच्या मंडईत हिवाळ्यात डोंगरभागातल्या बायका आवळ्यांचे वाटे लावून बसतात. तेथून घरी आलेल्या आवळ्याला बहुधा पाच वाटा फुटतात. कच्चा, मीठ लावून खाल्ला तर हानी जवळजवळ शून्य. हळद-मिठाच्या पाण्यात मुरवला तर काही द्रव्ये पाण्यात उतरतात. ते पाणी फेकले नाही तर तीही पदरात पडतात. लोणच्यात शिजवण्याचा वेळ अल्प आणि तेलाचा थर हवा रोखणारा, म्हणून हानी मध्यम. आवळकाठी आणि आवळासुपारी उन्हात वाळतात. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बरेच घटते, कषायद्रव्ये राहतात. हानी सर्वाधिक होते ती मोरावळ्यात.

मोरावळ्याची कृती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आवळ्याला सर्व बाजूंनी टोचे मारून तो तुरटीच्या पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत ठेवतात. निवळीतील कॅल्शियम गरातील पेक्टिनशी जोडला जातो, त्यामुळे आवळा पाकात फुटत नाही, हा लाभ. परंतु निवळी क्षारधर्मी असल्याने टोचलेल्या भागातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल नाश पावते आणि कषायद्रव्ये पाण्यात उतरतात. तुरटपणा जातो तो याच कारणाने. नंतर आवळा उकडून ते पाणी टाकले जाते आणि शेवटी तो साखरेच्या किंवा गुळाच्या पाकात दीर्घकाळ शिजतो. तीन टप्प्यांत दोन्ही द्रव्यवर्ग क्षीण होतात. मोरावळा हा उत्तम गोड पदार्थ आहे. त्याला क जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणणे योग्य नाही. ज्यांना तो तसाही हवा असेल त्यांनी निवळी टाळावी, आवळा किसून घ्यावा आणि पाक आधी करून किसास कमीत कमी आच द्यावी.

भांड्याचा विचारही येथेच येतो. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आवळा शिजवू नये, कारण तांबे नाशास गती देते आणि आम्लामुळे ते पदार्थात उतरते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो. गॅलिक घटक आणि लोह यांच्या संयोगाने हा निळसर-काळा रंग तयार होतो. केसांसाठी आवळकाठी, शिकेकाई यांचे मिश्रण रात्रभर लोखंडी कढईत भिजवतात ते या रंगासाठीच. खाण्याच्या आवळ्यासाठी काच, चिनीमातीची बरणी किंवा स्टेनलेस स्टील हीच भांडी योग्य.

शास्त्रोक्त औषधी कल्पनांपैकी दोन उल्लेखनीय आहेत. चरकोक्त च्यवनप्राशात 500 आवळे काढ्यात शिजवून, बिया काढून, स्नेहात परतून पाकात घालतात. इतक्या उष्णतेनंतर क जीवनसत्त्वाच्या भरवशावर त्याचे समर्थन करणे अशक्य आहे. ते कषायद्रव्यांच्या आणि इतर वनस्पतींच्या आधारेच करावे लागेल. दुसरी कल्पना भावनेची. आवळ्याच्या चूर्णाला ताज्या आवळ्याच्या रसाची भावना देऊन ते पुनःपुन्हा वाळवतात. 2006 च्या ज्या विश्लेषणाचा निर्देश वर आला, त्यात अशा चूर्णात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल सुमारे 1.3 टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले. प्रत्येक भावनेत रसातील द्रव्ये चूर्णात साठतात आणि पाणी तेवढे उडून जाते, हे त्याचे सरळ कारण. या कृतीत अग्नीचा संबंध नाही, हे तिचे श्रेष्ठत्व.

शरीरातील परिणामांचे पुराव्याच्या बळानुसार तीन वर्ग पडतात. निश्चित: क जीवनसत्त्वाच्या अभावावर आवळा उपयुक्त आहे. संभाव्य: रक्तातील मेद आणि शर्करा यांवर त्याचा अनुकूल परिणाम काही छोट्या चाचण्यांत दिसला आहे, त्या चाचण्यांचा आकार आणि कालावधी पाहता उपचार बदलण्याइतका आधार त्यांत नाही. असिद्ध: कर्करोग बरा होणे, वार्धक्य थांबणे. परीक्षानळीतील ऑक्सिडीकरणविरोधी शक्ती हा शरीरातील परिणामाचा पुरावा नव्हे. कषायद्रव्यांचे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत आणि तेथील जीवाणू त्यांचे रूपांतर करतात. हा भेद जाहिराती पाळत नाहीत, म्हणून वाचकाने पाळला पाहिजे.

लोहाविषयी स्वतंत्र विचार हवा, कारण ज्वारी-नाचणीची भाकरी आणि पालेभाजी यांवर पोसलेल्या घरांत, विशेषतः स्त्रियांत, रक्तक्षय हा मोठा प्रश्न आहे. वनस्पतीज लोहाचे शोषण अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने वाढते. कषायद्रव्यांनी ते घटते. आवळ्यात दोन्ही आहेत. म्हणून शुद्ध क जीवनसत्त्वावरील प्रयोगांचे निष्कर्ष आवळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. केवळ लोहशोषण हाच हेतू असेल तर भाकरीसोबत लिंबू पिळणे हा निःसंदिग्ध उपाय आहे; आवळा दोन जेवणांच्या मध्ये खावा. ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांनी त्याचा रस मोठ्या प्रमाणात घेऊ नये, कारण अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा काही अंश शरीरात ऑक्झॅलेटमध्ये परिणत होतो. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्यांनी वैद्याला विचारूनच अर्क किंवा चूर्ण नियमित घ्यावे. दोन-चार फळांना ही बंधने लागू नाहीत.

राहिला प्रश्न फळ मिळवण्याच्या रीतीचा. अलीकडे अर्कांची मागणी वाढली तशी फांदीच तोडून खाली आवळे ओरबाडण्याची सवय ठिकठिकाणी दिसते. पुढील हंगामाची फुले जुन्या फांद्यांवरून फुटणाऱ्या बारीक डहाळ्यांवर येतात. फांदी गेली की पुढच्या कित्येक वर्षांचे फळ गेले. शिवाय जमिनीवर पडलेले आवळे भेकर, सांबर यांसारखे प्राणी खातात आणि रवंथ करताना कठीण बिया दूरवर टाकतात. आवळ्याचा प्रसार बऱ्याच अंशी यावर अवलंबून आहे. आवळे काठीने झाडून घ्यावेत, फांदीला हात लावू नये, आणि झाडाखाली पडलेल्यांपैकी काही तसेच राहू द्यावेत.